दुसरी सही

१२ ऑक्टोबर १९७२, भिंगार

माझा खिळा गेला! उशाजवळचा, चष्मा अडकवायचा. साम्राज्यं बुडाली तेव्हाही एवढा आकांत झाला नसेल. हमालांनी आमच्या खोलीतही भिंतीला पोती टेकवली, खिळा पोत्याच्या पोटात. आता चष्मा छातीवर ठेवून झोपायचं.

घरमालकीण मुक्ताबाईंनी मरताना ही इमारत ट्रस्ट करून ठेवली — निराधार बायांसाठी. चार खोल्या. तीन खोल्यांत ट्रस्टी राधाकृष्णशेटची गुरांची पेंड, चौथीत आम्ही तिघी — गोजरबाई, साळूबाई आणि मी. दुष्काळात पेंडीला भाव आहे. बायांना नाही.

१८ ऑक्टोबर

नगरला वकिलांकडे जाऊन आले. म्हणाले, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू, पण एकटीचा चालत नाही. इथे राहणाऱ्या दोघी तरी हव्यात. अर्जाचा कागद दिवाळीनंतर पाठवतील.

गोजरबाईंना विचारलं. "मला मरायला खोली पायजे, बाई. अर्ज घिऊन काय करू?"

साळूबाई मात्र तयार! "येकच अंगठा? दोनी हाताचं लावते की!"

भाऊबीज

शेट आले, पाटावर बसले. "ओवाळा, मी तुमचा भाऊ." विधवांना म्हणतो! मी डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड केलं. साळूबाईने तबक घेतलं, ओवाळलं. ओवाळणीत एकेक लुगडं — ट्रस्टच्याच पैशाचं, दुसऱ्या कुणाच्या? माझं उशाशी ठेवून गेले.

१३ नोव्हेंबर

कागद आला. साळूबाईने हात पदराखाली घेतले.

"बाई, मालक गेल्यापून मला तबकाला कुनी शिवू दिलं न्हाई. सख्ख्या भावानं बी न्हाई. यानं दिलं. त्याच्यावरच अर्ज करू व्हय?"

"अगं, त्याने आपल्या खोल्या खाल्ल्या!"

"खाईना का. भाऊ हाय."

एका लुगड्यात सगळा कायदा गुंडाळून नेला त्याने.

१४ नोव्हेंबर

काही नाही. नळाला पाणीही नाही.

२३ नोव्हेंबर

शेटचा मुनीम आला. चौथी खोलीही रिकामी करा, मागे पत्र्याची शेड आहे. साळूबाई हसली. "थांबा, भावाला सांगून येते." नगरला शेटच्या बंगल्यावर चालत गेली.

दिवेलागणीला परतली. गोजरबाईंनी विचारलं, "भेटला का?"

"भेटला. गड्याला म्हनला, कोन ही? चार आने दे आन वाटंला लाव."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

२५ नोव्हेंबर

शेडमध्ये आलो. साळूबाई म्हणते, आधी लुगडं परत, मग अंगठा. पण तिचं नेसून झालेलं, आणि नेसलेलं परत करणं तिला कमीपणाचं. माझं कोरं तिच्या हातावर ठेवलं. ती गेली, पेंडीच्या पोत्यांवर टाकून आली.

इथे उजेड कमी. अंगठा जरा तिरका उठलाय. शेजारी मी सही केली.