मोरपंखी कंपनीचा फोन

प्रिय अविराज,

माझा नंबर तू ब्लॉक केलास, तात्यांच्या दुकानातून फोन केला तर उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर नीट येत नाहीये, तरी शेवटपर्यंत वाच. हे भांडायला लिहिलेलं नाही. काय भांडायचं ते मी एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात भांडून घेतलं. त्यात तुला एक शब्दही बोलू दिला नाही, त्यामुळे आता बरीच शांत आहे.

मघापासून इंदापूरचे सुरुवातीचे दिवस आठवताहेत. महिपतीतात्यांच्या मोबाईलच्या दुकानात तू मोरपंखी टी-शर्ट घालून उभा, मी जांभळा घालून. दुकान तात्यांचं, पण आपण दोघं आपापल्या कंपनीची माणसं; आपल्याच कंपनीचा फोन खपवायचा, एवढंच काम. गिऱ्हाइकांना कंपन्यांची इंग्रजी नावं कुठं घेता येत होती? 'ती जांभळी दाखव', 'मोरपंखीत काय नवीन हाय', असंच चालायचं. दारातून येणारं गिऱ्हाईक ज्याच्याशी आधी बोलेल त्याचं, असा नियम तूच मला सांगितलास. दुसऱ्या दिवशी मी पायरीवर जाऊन उभी राहिले, तर तू सरकत सरकत पार रस्त्यापर्यंत गेलास. शेवटी तात्या गल्ल्यावरून म्हणाले, "आता काय स्टँडवर जाऊन उभं ऱ्हाताय व्हय दोघं?"

तू बॅटरीवर बोलायचास, मी कॅमेऱ्यावर. उसाचं बिल जमा झालं की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मी नव्या नवरीला आरशासमोर बसवावं तसं माझ्या फोनसमोर उभं करून फोटो काढायचे, आणि तू तिच्या नवऱ्यासाठी चहा सांगून मोरपंखी फोन चार्जिंगला लावायचास. चहा पिऊन होतो तोवर फोन निम्मा भरलेला. नवरा म्हणायचा हा घेऊ, नवरी म्हणायची तो घेऊ, आणि आपण दोघं अगदी गोड हसत एकमेकांचा फोन पाडायला बघायचो. संध्याकाळी मात्र डबा एकाच बाकावर उघडायचो. हे वेड्यासारखं होतं, पण मला आवडायचं.

तुला त्या मावशी आठवतात का, भेंडी तोडून तोडून बोटं खरखरीत झालेल्या? स्क्रीनला त्यांचं बोटच लागेना. "माझ्या बोटाला ह्यो वळखतच न्हाय," म्हणून त्या ओशाळून उठायला लागल्या. तू ओलं फडकं आणलंस, त्यांची बोटं एक एक करून पुसलीस आणि तुझ्या काउंटरवरचे सगळे फोन त्यांना लावून बघायला दिलेस. एकही नीट चालला नाही, तेव्हा तू माझा फोन उचलून त्यांच्या हातात ठेवलास. तो चालला. विक्री माझी झाली आणि तुला तुझ्या साहेबांची बोलणी खावी लागली. घरी माझ्या लग्नाचा विषय निघाल्यावर मी नाही म्हणायला लागले, ते त्या दिवसापासून. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं.

मग मोरपंखीचा तो नवीन फोन आला. अजून लवकर चार्ज होणारा, पातळ, पाठीवर त्रिकोणात तीन कॅमेरे. तुझे साहेब आठवड्याला यायला लागले. बारामतीच्या मोठ्या दुकानात टीम लीडरची जागा निघतेय, इंदापूर तालुक्यात जांभळीला मागं टाकलं तर ती तुझी, असं ते माझ्यासमोरच बोलले. जांभळी म्हणजे मी, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर तू बावड्याच्या बाजारात कंपनीची छत्री लावून फोन विकायला बसलास. माझ्या गावात, माझ्या चुलत्यांच्या खताच्या दुकानासमोर. मला राग आला नाही असं नाही, पण मी म्हटलं, हे आपलं नेहमीचंच. भाजी घ्यायला आलेल्या बायका पिशवीत मोरपंखी खोकं घालून घरी गेल्या. आमच्या गल्लीतच तुझे फोन आले. तुला बारामती मिळाली तेव्हा पेढे मीच वाटले.

आणि त्याच पंधरवड्यात तो व्हिडिओ आला. जळून वितळलेल्या फोनचे फोटो, खाली लाल अक्षरं, आणि वरून आवाज: हा जांभळ्या कंपनीचा फोन आहे, आपल्याच तालुक्यात फुटलाय, घेऊ नका, घेतला असेल तर परत करा. गावागावांतल्या सगळ्या ग्रुपवर तो फिरला. लोक दुकानात येऊन माझ्या काउंटरसमोरून अंग चोरून पुढं जायचे. एकानं तर खोकं माझ्यासमोर आपटलं. ज्यांचं मी चांगलं केलं असं मला वाटत होतं, त्यांनी तोंड फिरवलं. हे सगळं मी सोसलं असतं अविराज, पण तो आवाज तुझा होता. तू जरा घोगरा काढला होतास, पण 'आपल्याच' म्हणताना तू 'ल्या' लांबवतोस. शेजारच्या काउंटरवर उभं राहून रोज ऐकलेला आवाज मला कळणार नाही असं तुला कसं वाटलं?

मी तुला फोन करून विचारलं तेव्हा तू नाही म्हणाला नाहीस. वरून आलेलं होतं, मी फक्त आवाज देऊन पाठवलं, धंद्यात असं चालतं, तू मनावर घेऊ नकोस, असं म्हणालास. मी एवढंच विचारलं की तो फोन खरंच माझ्या कंपनीचा होता का. तू फोन ठेवलास, आणि पुन्हा लावला तर लागला नाही.

आता पुढचं वाच. ते तुला अर्धंच माहीत आहे.

परवा कंपनीनं माझा काउंटर बंद करायला सांगितला. मी पोस्टर उतरवत होते तेवढ्यात एक वयस्कर बाई दारात आल्या. सिंधुबाई, नरसिंहपूरच्या, भाजीपाला करतात. लुगड्याच्या घडीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "ह्यो फोन तुमच्या दुकानातल्या पोरानं बाजारात दिला. माझ्या सुनंचा हात जाळला ह्यानं. कुणाला इचारायचं?" मी फडकं उघडलं. व्हिडिओतला तोच फोन. पाठ वितळून खाली ओघळलेली, पण कॅमेऱ्याची तीन भोकं शाबूत होती. त्रिकोणात. तात्या माझ्याकडे बघत होते आणि मी तात्यांकडे.

मी सिंधुबाईंच्या सोबत नरसिंहपूरला गेले. त्यांची सून निकिता माझ्याच वयाची. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. दुपारी फोन गादीवर चार्जिंगला लावला होता, शेजारी पाळण्यात बाळ. धूर निघाला तेव्हा ती चुलीपाशी होती. धावत आली आणि काही सुचेना म्हणून उघड्या हातानं फोन उचलून अंगणात फेकला. पाळण्याची झालर एका कडेनं काळी झालेली मी बघितली. बाळ ठीक आहे. तिची बोटं अजून मिटत नाहीत. तिच्याच गल्लीत दुसऱ्या एका घरी हाच फोन आहे, त्याची पाठ फुगलीय. ते लोक वर रबर लावून वापरत होते. तो मी बंद करायला लावला आणि घराबाहेर मातीत ठेवायला सांगितलं.

निकिता रडली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "अविराजभाऊंना मी त्याच दिवशी शेजारणीच्या मोबाईलवरनं फोन केला होता. ते म्हणाले, दुसरा चार्जर लावला असंल. पर चार्जर खोक्यातलाच होता. मग म्हणाले, ताई, फोटो पाठवा, कंपनीला दाखवतो. मी डाव्या हातानं काढून पाठवले." मी तिला विचारलं, ते फोटो आणखी कुणाला पाठवले होते का. ती म्हणाली, "न्हाय. फक्त त्यांनाच."

ती तुला अजून भाऊ म्हणते.

परत येताना मी माझ्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, आधी लोकांना सावध करू. ते खूश झाले. म्हणाले, त्या बाईला कॅमेऱ्यासमोर बसव, पट्टी सोडून हात दाखवायला सांग, बाळ मांडीवर घे म्हणावं, आणि मोरपंखीचं नाव मोठ्यानं घेऊ दे. व्हिडिओ चालला की तुला काउंटर परत, आणि तोही बारामतीत, अविराजच्या समोरचा. मी निकिताला विचारून बघितलं, कारण लपवून ठेवणंही बरं वाटेना. ती म्हणाली, "ताई, तक्रार द्यायला मी येते. पर माझ्या हाताची जाहिरात नको." काल आम्ही इंदापूरला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. साहेबांना मी व्हिडिओला नकार कळवला. त्यामुळे माझी नोकरी आता नाहीच, असं धरून चाल.

तात्यांनी तो फोन काउंटरवरून काढला, पण दारावर पाटी लावायला तयार होईनात. "कंपनी माल बंद करंल पोरी, दुकानावर पाच घरं हायती," म्हणाले. मी म्हटलं, पाटी नको, दुकानातून ज्यांनी नेला त्यांना निदान फोन तरी करा. शेवटी ते स्वतःच चष्मा लावून फोन करायला लागले. दुकानातून गेलेले सापडतील. पण बाजारात छत्रीखाली तू जे विकलेस, त्यांची नावं दुकानात कुठंच नाहीत.

आज सकाळी मला आठवलं की पाडव्याला तू तुझ्या आईंना हाच फोन घेतला होतास. त्यानंतर मला बसवेना. तू माझा फोन घेणार नाहीस, म्हणून मी बावड्याहून निघाले, बारामतीला उतरून दुसरी गाडी धरली आणि पणदऱ्याला आले. तुझ्या घरी. हे पत्र मी तुमच्या ओट्यावर बसून लिहितेय; आज रात्री तू घरी येशील तेव्हा आई ते तुला देतील. रस्ताभर एकच चित्र डोळ्यांसमोर होतं: दुपारी झोपलेल्या तुझ्या आई आणि उशाशी तारेला लावलेला तो फोन. दारात पोचले तेव्हा धाप लागली होती, कोण कुठली हे सांगायच्या आधीच मी विचारलं, "आई, तुमचा फोन कुठंय?"

त्या हसल्या. त्यांनी कनवटीचा फोन काढून दाखवला. तो मोरपंखी नव्हता. जांभळा होता, माझ्या कंपनीचा. म्हणाल्या, "त्यो आधीचा अवीनं कवाच काढून नेला. त्या रातच्याला बारामतीवनं येऊन नेला बघ. म्हणाला, आई, त्याला हात लावू नगं, त्यो खराब हाय. दुसऱ्या दिशी ह्यो आणून दिला. लई जपतंय पोरगं मला." कोणती रात्र ते मी विचारलं. निकिताचा हात भाजला त्याच दिवसाची. म्हणजे व्हिडिओच्या आधीची.

मी चहा घेतला. आईंना काहीही सांगितलेलं नाही, ते तू सांग. अविराज, चार्जर दुसरा असेल असं तुला खरंच वाटलं असतं तर तू अंधारात गाडी मारत पणदऱ्याला आला नसतास. तुला कळलं होतं. आपल्या आईच्या उशाशी काय आहे ते तुला एका फोनवर कळलं, आणि बाकीच्यांच्या आयांना तू सांगितलंस की जांभळा परत करा. मला माझा काउंटर नको, तुझी माफी नको, आपलं पुढं काय हेही आज विचारत नाही. हे पत्र एवढ्यासाठीच आहे: उद्या बावड्याचा बाजार आहे. मी उजाडताच जाऊन तुझी छत्री असायची तिथं उभी राहणार आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारणार. सगळे मला सापडणार नाहीत. तुला सापडतील, कारण गिऱ्हाइकाचं गाव, वस्ती, कुणाची लेक, कुणाची सून, सगळं तुला तोंडपाठ असतं. टी-शर्ट घालू नकोस. साध्या सदऱ्यात ये. तू आलास तर दुपारपर्यंत आपण बरीच घरं गाठू. नाही आलास तर मला दिवेलागणीपर्यंत वस्त्यांवर हिंडावं लागेल, आणि मी हिंडेन. आई विचारताहेत काय एवढं लिहितेस. मी म्हटलं, अविराजनं उद्या लवकर उठावं म्हणून लिहितेय.

तुझीच,
उत्कर्षा