गोल पिनांचा अडॅप्टर

नेस्तोरदादा,

तू डेकवर ड्यूटीला आहेस, म्हणून लिहून ठेवतोय. जहाज धक्क्याला लागलंय, मी इथूनच विमानाने घरी, इलोइलोला निघालो. मी पोचेपर्यंत बाबांच्या मातीला थांबणार आहेत.

मोडलेल्या अडॅप्टरच्या जागी नवा आणून गोल पिनांच्या सॉकेटला लावलाय. आता केबिनमधली दोन्ही सॉकेटं चालतील. नवा सोबती येईल, त्याला एक दे. मल्टिप्लग मात्र आणू नका, तपासणीत जप्त होतो.

त्या सकाळी चालू सॉकेट एकच होतं. माझा फोन काढून तुझा मीच लावला, तुझ्या पोरीचा वाढदिवस म्हणून. "अरे, तुझा बंद पडेल," असं तू म्हणालाही होतास. नेमका तेव्हाच बाबांनी शेवटचा फोन केला आणि तो लागला नाही, यात तुझा काय दोष? तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस, जेवायलाही वेगळा बसतोस.

ताई म्हणते, बाबांना शब्द फुटत नव्हता, नुसता श्वास ऐकू आला असता. तेवढा तरी ऐकायचा होता, दादा. खोटं कशाला सांगू?

घरी पोचलो की फोन करीन. तोंड चुकवू नकोस, उचल. बाबांनंतर मला "जेवलास का रे?" विचारणारा तूच उरलायस.

आर्नेल