आम्मीकडे न आलेला मासा

धारूर,
रविवार, दुपारच्या नमाजीनंतर

माझे जिवाभावाचे मित्र मोहनराव यांस वाहेदचा सलाम, आणि तुमच्या सवयीसाठी रामरामही.

(समोर असता तर ‘का बे मोहन्या’ एवढ्यावर भागले असते. पण कोरा कागद पुढे आला की शाळेतला पत्रलेखनाचा तास आठवतो आणि हात आपोआप ‘तुम्ही’ लिहू लागतो. गुरुजी एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहायला लावायचे, ती सवयही अजून गेलेली नाही. मी आत्ताही पुटपुटतच लिहितो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? छबुवहिनींना पुण्याचे पाणी मानवले का? रविराज आणि सूनबाई स्वप्नाली खुशाल असतील. इकडे अल्लाहच्या मेहेरबानीने सर्व ठीक. दुकानात दुरुस्तीला कूलर येणे थांबले असून रब्बीच्या पाण्याच्या मोटारी यायला लागल्या आहेत. किल्ल्याकडच्या डोंगरातल्या उरलेल्या सीताफळांनीही डोळे उघडले आहेत. आमच्या घरात मात्र एक डोळा उघडायचा राहिला आहे, आणि हे पत्र खरे म्हणजे त्याच्याबद्दल आहे. फोन केला असता, पण आमचा फोन वाजला की आम्मी शेजारी येऊन बसते. तिच्या नजरेचे काय ते पुढे सांगतो, कान मात्र असे आहेत की तुमचा पुण्यातला खोकलासुद्धा तिला ऐकू जातो.

आधी तुमच्या प्रश्नाकडे येतो. रविराज भिंतीएवढा टीव्ही घ्यायचा म्हणतो, मग थिएटरला जायची गरजच काय, असे तुम्ही विचारलेत. (ज्याला जळक्या मोटारीत तार भरता येते त्याला जगातले सगळे कळते, हा तुमचा जुना गैरसमज अजून टिकून आहे हे पाहून बरे वाटले.) तुमचा आधीचा मोठा टीव्ही तुम्ही मला दिलात, तो आमच्या बैठकीत आहे, आणि गेल्या महिन्यात एकच सिनेमा आधी घरी आणि मग थिएटरात पाहायची वेळ माझ्यावर आली. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला मिळाला आहे.

झाले असे. आम्मीच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन मागच्या हिवाळ्यात अंबाजोगाईला झाले, ते तुम्हाला ठाऊक आहेच, तुम्हीच तिच्या चपला हातात धरून बाहेर बसला होतात. तो डोळा स्वच्छ झाला. आता डावा राहिला आहे. त्याचा मोतीबिंदू पुरता पिकला आहे, त्या डोळ्याला दिवस आहे की रात्र एवढेच कळते, आणि डॉक्टर म्हणतात की आणखी थांबलात तर काम अवघड होईल. पण आम्मी ऐकेल तर ती मदिनाबी कसली! “धारूरमधी असं काय बगायचं राह्यलंय? किल्ला एका डोळ्यानं बी तेवढाच दिसतो.” मी समजावले, मेहेकने समजावले, मशिदीतल्या बुजुर्गांच्या घरच्या बायका येऊन समजावून गेल्या. सगळ्यांना चहा मिळाला आणि हेच उत्तर मिळाले. मला रात्री दुआ मागताना सुद्धा तोच डोळा दिसायचा.

मग मी दुकानात बसून विचार केला, की आम्मीचे म्हणणे तसे खोटे नाही. धारूरातले सगळे तिने पाहिले आहे. तेव्हा धारूरात नाही असे काहीतरी तिला दाखवावे, म्हणजे बघण्याची हौस परत येईल. धारूरात काय नाही? समुद्र. (उमऱ्याला मक्केला जाताना विमान समुद्रावरून गेले म्हणतात, पण आम्मी तेव्हा डोळे घट्ट मिटून तसबीहचे मणी ओढत होती. समुद्र अल्लाहने केला आहे तर तो नीटच केला असेल, बघून खात्री कशाला करायची, असे तिचे म्हणणे.) माझी मेहेक कॉलेजात आहे, तिने समुद्राच्या पोटात काढलेला एक सिनेमा शोधून दिला. नाव इंग्रजी आहे, ते तिलाच येते. थिएटरातही तो चालू होता, पण मी म्हटले, घरी एवढा मोठा टीव्ही असताना लातूरपर्यंत कशाला जायचे? म्हणजे तुमच्या रविराजसारखाच विचार मीही केला होता, हे लक्षात घ्या.

जुम्म्याची नमाज झाली, जेवणे झाली आणि आम्ही सिनेमा लावला. बैठकीचे दार गल्लीकडे उघडते आणि टीव्ही बरोबर दारासमोर आहे. दार लावले तर जीव घाबरतो म्हणून आम्मी ते लावू देत नाही. पडद्यावर समुद्र आला. निळाशार, खोल. मेहेक म्हणाली, “दादी, बघा!” आम्मी बघू लागली. मी टीव्हीकडे न पाहता आम्मीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि तो हळूहळू उजळला. मला वाटले, जमले! तेवढ्यात आम्मी म्हणाली, “रईस आज पेरू घिऊन चाललाय वाटतं.” मी चमकून टीव्हीकडे पाहिले. समुद्राच्या तळाशी, पोवळ्यांच्या झाडांमधून, आमच्या फळवाल्या रईसचा गाडा सावकाश चालला होता. उघड्या दारातून गल्लीचे सगळे प्रतिबिंब काचेत पडलेले. समुद्र जितका खोल आणि काळा होईल तितकी गल्ली अधिक स्वच्छ दिसे. एक देवमासा आला, त्याच्या पोटातून शेजारची शेळी गेली. आम्मीने तो सिनेमा शेवटपर्यंत मन लावून पाहिला आणि शेवटी म्हणाली, “लई भारी हाय. मान वळवावी लागत न्हाई, पाठ करून बसलं तरी कोन आलं कोन गेलं समदं दिसतंय. एका डोळ्याला एवढं बास.” त्या दिवसापासून ती रोज दुपारी बंद टीव्हीसमोर बसते. बंद असला की आणखी छान दिसते म्हणे.

म्हणजे डोळा उघडायला आणलेला उपाय डोळा बंद ठेवायच्याच कामी आला. तेव्हा मेहेक म्हणाली, “अब्बा, थिएटरात अंधार असतो. तिथे गल्ली नसते.” पोरीचे बोलणे पटले. एका रविवारी जीप ठरवली आणि आडसमार्गे अंबाजोगाई, तिथून लातूर असे निघालो. आम्मीने सोबत सीताफळे घेतली होती. मॉलच्या दारात गार्डने पिशवी अडवली. खायचे आत नेता येत नाही, असा नियम. आम्मीने वाद घातला नाही. तिथेच पायरीवर बसून तिने एक त्याला दिले, एक स्वतः घेतले, आणि बिया टाकायला त्याच्याकडून कागद मागून घेतला. बंकट त्याचे नाव. माजलगावकडचा निघाला. नंतर तोच आम्हाला सरकत्या जिन्याने वर सोडून आला, आणि पिशवी त्याने स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली.

आत गेल्यावर प्रत्येकाला एकेक काळा चष्मा मिळाला. या चष्म्याने चित्र पडद्यातून बाहेर येते, हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही पुणेकर. दिवे गेले, समुद्र सुरू झाला, आणि मोहनराव, मी खोटे का सांगू, मी पाय वर घेतले. पाणी खुर्च्यांखालून चालले आहे असे वाटत होते. एवढे मोठे काही मी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि मनात आपोआप सुभानअल्लाह आले. मग लांबून एक ठिपक्यांचा मासा निघाला. वाढत वाढत बैलगाडीएवढा झाला आणि सरळ आमच्या अंगावर आला. सगळे थिएटर मागे रेलले. मेहेक ओरडली. हा सगळा नुसता प्रकाश आहे हे मला मेकॅनिक म्हणून माहीत आहे, तरी मी मान खाली घातली आणि माझी टोपी पुढच्या रांगेत पडली. आम्मी तेवढी ताठ बसलेली. ती पडद्याकडे नाही, आमच्याकडे बघत होती.

“काय झालं रे?”

“मासा आला, आम्मी.”

“कुटं?”

“अंगावर.”

“माझ्याकडं न्हाई आला.”

तिने माझा चष्मा मागून घेतला. मग मेहेकचा. मासे येत होते, लोक वाकत होते, आणि आम्मीचे मासे भिंतीवरच. पलीकडे एक म्हातारी बाई बसल्या होत्या, औशाकडच्या, चंद्रभागाबाई. त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “घ्या माय, माझा घ्या. माझा मासा लईच जवळ येतोय, मला भ्या वाटतंय.” तोही चष्मा लावून झाला. मध्यंतर होताच आम्मी तडक दारापाशी गेली. जिन्याखालून आमची चौकशी करायला बंकट वर आला होता, तो सापडला. “का रे बाबा, तुमी मानूस बगून मासा सोडता का? खुर्ची सारखी, चष्मा सारखा, मग मलाच कावून न्हाई?” बंकट बिचारा म्हणाला, “आजी, मासा समद्यांना एकच सोडत्यात.” पण आम्मीचा विश्वास बसला नाही. सीताफळ खाऊन वर मासा अडवतो, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

मी तेवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज उरकून घ्यायला गेलो. (त्या मॉलमध्ये दिशाच नाहीत, मोहनराव. ना ऊन, ना सावली. मक्का मावळतीला, म्हणून मी बंकटला विचारले, मावळत कुठे? त्याने बराच विचार करून पावभाजीच्या दुकानाकडे बोट केले. त्याच्यावर भरवसा ठेवून जिन्यामागे रुमाल अंथरला.) परत येऊन बसलो आणि वाकताना माझा चष्मा तिरका झाला. एक डोळा झाकला गेला. आणि समोरून येणारा मासा पटकन मागे जाऊन पडद्याला चिकटला. चष्मा सरळ केला, मासा आला. डोळा मिटला, मासा गेला.

आम्मीच्या शेजारी बसून उरलेला सिनेमा मी डावा डोळा मिटूनच पाहिला. समुद्र होता, रंग होते, पण सगळे कॅलेंडरवरच्या चित्रासारखे. मी वर्षभर तिला म्हणत होतो की एका डोळ्याने कमी दिसते. पण काय कमी दिसते, ते मलाही तोवर माहीत नव्हते. ते असे कमी दिसते. सगळे असते, फक्त आपल्यापर्यंत येत नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तिला समजावून सांगितले, की मासा बघायला दोन्ही डोळे लागतात, बंकटचा दोष नाही. तिने मेहेकला एक डोळा झाकायला लावून रस्त्याकडे बघायला सांगितले, मग दुसरा, मग खुणेने जीपवाल्यालाही सांगू लागली, त्याला मी थांबवले. अंबाजोगाई गेले तरी ती स्वतःचा एकेक डोळा झाकून बघत होती. आडसला चहाला थांबलो. बशीतला चहा पिऊन झाल्यावर, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, “डाक्टरला इचार, मासा यील का.”

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. येत्या आठवड्यात आम्मीला घेऊन जातो.

छबुवहिनींना सलाम, मुलांना दुआ. चूकभूल पोटात घालावी.

तुमचा,
वाहेद

ताजा कलम – तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिलेच. रविराजला टीव्ही खुशाल घेऊ द्या, फक्त दारासमोर लावू नका. आणि जुना परत मागू नका. आम्मी दुपारी त्यात गल्ली बघते.

दुसरा ताजा कलम – पत्र ज्यासाठी लिहिले ते आता लिहितो. डॉक्टरांना मी मासा येईल का असेच विचारले. ते हसले नाहीत. म्हणाले, डोळा नक्की साफ होईल, पण इतका काळ एकच डोळा काम करत होता, दोन्ही पुन्हा जोडीने बघायला लागतील असे वाटते, मात्र शब्द देत नाही. आम्मीला मी पहिला अर्धाच भाग सांगितला आहे. तिला तोच सिनेमा पाहायचा आहे, दुसरा चालणार नाही. लातूरचा तर उतरला. डोळा बरा होईपर्यंत पुण्यात तो कुठे चालू राहतो किंवा पुन्हा लागतो का, एवढे रविराजकडून बघून ठेवा. आम्ही तिला घेऊन येतो. तिच्या एका बाजूला मी बसेन, दुसऱ्या बाजूला तुम्ही बसा. मासा आला तर प्रश्नच नाही. पण तो तिच्यापर्यंत नाही आला, तर आपण दोघांनीही मान खाली घालायची नाही. तो कोणाकडेच आला नाही असे ताठ बसायचे. गुडघा दुखत असला तरी एवढे करा.

तिसरा ताजा कलम – घात झाला. मघाशी म्हणालो ना, मी पुटपुटत लिहितो. आम्मी आतल्या खोलीतून म्हणाली, “मोहनला लिव्ह, माझ्या शेजारी बसायचं, पन सोंग करायचं न्हाई. मासा आला तर म्या तुमच्या दोघांच्या आधी वाकती. न्हाई आला तर तुमी खुशाल वाका, मला तेवडीच करमणूक. आन् सीताफळं आनती म्हनावं, पुन्याच्या गार्डाला बी एक दिऊ.”

तेव्हा वरचा करार रद्द. सिनेमाची तारीख कळव, आणि आमच्या आधी येऊन खुर्ची धर बे, मोहन्या.