दुधाचं कूपन

एडिसन, मंगळवार, नोव्हेंबर १९८६

सुधाचं दुधाचं कूपन आज माझ्या पानाच्या मागे गेलंय. डेटाबेसचं पुस्तक आम्हा दोघांत एकच. तिची खूण ते पेपरातून कापलेलं सवलतीचं कूपन, माझी बसचं तिकीट. ले-ऑफमध्ये नोकरी गेल्यापासून शिकायची गरज मला. बायको आपली सोबत म्हणून बसायला लागली. माझं तिकीट अजून तिसऱ्या धड्यात. कूपन काल नवव्यात होतं, मी स्वतः पाहिलं.

काल लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्रॅम काही केल्या थांबेचना. तिनं एक ओळ बदलायला सांगितली आणि थांबला. मी चारचौघांत खेकसलो, "मग इंटरव्ह्यूलाही तूच जा!"

आज जेवताना विचारलं, "कुठवर आलीस?"

"तुमच्या मागेच आहे की अजून," म्हणाली आणि पोळी वाढली.

कूपन दुसऱ्या धड्यात! मी मागे पडलो, ते एक वेळ चालेल. पण तिनं माझ्यासाठी मागे यावं? इतका का मी...

आत्ता ती फोनवर बोलतेय. पुस्तक माझ्यासमोर आहे. कूपन परत नवव्या धड्यात ठेवायचं, एवढंच. काढून हातात घेतलं. पण उद्या तिनं ते नवव्यात पाहिलं, तर मला कळलंय हे तिलाही कळेल.

मग पुन्हा दुसऱ्यातच ठेवलं.