कायम अस्तात बसलेला गुरू

मांडवगण फराटा

रा. रा. बाळासो पाव्हणे यांना मच्छिंद्रचा रामराम.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. वरवंडचं स्थळ तुम्ही आणलंत आणि पाहुणे येऊन गेल्यावर मी गप्प बसलो, याचा तुम्हाला राग आला असणार. (फोनवर तुमचा आवाज चढला की माझी छाती धडधडते, म्हणून पत्र.) गुडघा कसा आहे? माझं सगळंच दुखतं, तेव्हा एकेकाचं सांगत नाही.

झालं असं. आमची नात प्रांजल पुण्यात लांबच्या आकाशातला एक ग्रह अभ्यासते. आपल्या गुरूसारखा थोराड, पण त्याच्या सूर्याला इतका चिकटून फिरतो की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं. सगळा तापलेला वायू. पाय टेकायला जमीन नाही, म्हणजे सातबाराही नाही. एका अंगाला कायम दिवस, दुसऱ्या अंगाला कायम रात्र. ऐकून माझं अन्न गोड लागेना. दर चौथ्या दिवशी वर्षश्राद्ध आलं तर स्वयंपाक कुणी करायचा? ती म्हणाली, "आबा, तिथं माणसंच न्हाईत, मरंल कोण?" पण माणसंच नाहीत हे ऐकून कुणाला बरं वाटतं का?

पाहुण्यांत मुलाच्या चुलत्यानं पोहे खाता खाता विचारलं, मुलगी काय शिकते. मी सांगून बसलो. गुरू सूर्याजवळ गेला की त्याचा अस्त, आणि अस्तात लग्न लागत नाही, हे तुम्ही जाणताच. आपला गुरू महिनाभरात पुन्हा उगवतो तरी. हिचा जन्मात उगवायचा नाही, हेही त्यांना सांगितलं. चुलते चमचा ठेवून म्हणाले, "म्हंजी मुहूर्तच न्हाई?" मी म्हटलं, "न्हाई. मी बी त्याच काळजीत हाय." मुलाची आई पदर सावरून उठली. चहाला कुणी थांबलं नाही. (पोहे मात्र संपले.)

आता प्रांजल पुढच्या महिन्यात परदेशी चालली, मोठ्या दुर्बिणीवर, त्याच ग्रहापायी. म्हणते, त्याचा आज दिसणारा उजेड तिच्या जन्माआधी निघालेला आहे. म्हणजे तुमची बहीण धुरपदा या घरात चालती-बोलती होती तेव्हाचा. मग तिथून इकडं बघणाऱ्याला आमचं घर अजून भरलेलं दिसत असेल.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. तो ग्रह वेगळा आणि आपला गुरू वेगळा, हे तिनं दोनदा समजावलं होतं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण पाहुणे यायच्या सकाळी पोरगी साडीला पिना लावताना रडत होती. तुमच्या स्थळाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून गुरूला पुढं केलं. वरवंडला बोलू नका.

दुसरा ता. क. ज्ञानेश आणि सून कंपनीच्या गावी राहतात. दर शनिवारी घरी येते ती एकटी प्रांजलच. ती जाईल त्या दिवशी तुम्ही या. तिला एसटीत बसवीन मी हसून, पण स्टँडवरून घरी एकट्यानं यायचं माझ्याच्यानं होणार नाही. तुमचा गुडघा दुखला तर सावकाश चालू, मला घाई नाही. येता का नाही, तेवढं लवकर कळवा. फोन केलात तरी चालेल, आवाज चढवून.