झाकण फुगलेला ड्रम

प्रिय गुरुदत्त,

हे पत्र शकूमावशी घेऊन येईल. तुझे दोन्ही हात पट्ट्यांत आहेत, म्हणून संचितावहिनींना वाचायला सांग. वहिनी, मध्ये कुठेही राग आला तरी शेवटपर्यंत वाचा. फोनवर एवढं बोलायचं धाडस माझ्यात नाही.

काल मी कल्याणला हॉस्पिटलात तुझ्या वॉर्डच्या दारापर्यंत आलेलो. तू वहिनींना सांगत होतास, "माझ्यामुळेच झालं गं, मीच पाणी मारलं." ते ऐकलं आणि तसाच मागे फिरलो.

पॅकिंगमधून तू आमच्या प्लँटवर येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. जस्ताच्या पावडरचा ड्रम उचलायला गेलास आणि हसलास, "एवढासा डबा, आत दगड भरलेत काय?" तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की ही आपल्या कापडाच्या रंगाच्या बॅचमध्ये लागते, हीच लोखंडाच्या रंगात घातली की पुलांना गंज चढत नाही. सांगायला हवं होतं ते राहिलं. जस्ताचा पत्रा गरीब, पण त्याचीच पिठासारखी भुकटी केली की तिला ओल सोसत नाही. आतल्या आत तापते, हायड्रोजन सोडते. बंद ड्रममध्ये तो कोंडला की झाकण फुगतं. आणि पेटली तर कोरडी वाळूच टाकायची. पाणी मारलं की आणखी हायड्रोजन सुटतो, आगीला आपणच गॅस पुरवतो. डोंबिवलीत सतरा वर्षं काढलेल्या मला हे पाठ आहे. तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी नऊला मी स्टोअरमध्ये गेलेलो. छपराचा पत्रा गळत होता आणि बरोबर त्याखाली अर्धा वापरलेला ड्रम. झाकण वर आलेलं. हात लावला तर चहाच्या किटलीसारखं गरम. तडक मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

"साहेब, ड्रममध्ये पाणी गेलंय. प्लँट थांबवून स्टोअर रिकामं करू या."

"बॅच उतरू दे, प्रफुल्ल. दुपारी बघू."

आणि मी "बरं" म्हणालो. गुरू, त्यानंतर दोन तासांत मी त्या दारावरून चार वेळा गेलो. तू समोरच काम करत होतास. तिकडे फिरकू नकोस, एवढंसुद्धा मी बोललो नाही.

सव्वाअकराला झाकण उडालं. पांढरा धूर, हिरवट-निळी ज्वाळा, आणि आत शकूमावशी झाडू मारत होती. आम्ही सगळे बाहेर पळत असताना तू आत शिरलास. तिला ओढून बाहेर ढकललंस. भिंतीवरच्या लाल बादल्या उचलल्यास, वाळूच्या त्या, पण रिकाम्या. भरलेल्या असल्याची दर आठवड्याला सही करणारा मीच. मग तू पाण्याचा पाइप हातात घेतलास. मी दहा पावलांवर होतो. 'पाणी नको!' असं मी ओरडलो, हे मी सगळ्यांना सांगितलंय. खोटं आहे ते. मी ओरडलोच नाही. पुढचा भडका मी नुसता बघितला.

आज चार वाजता कंपनीच्या ऑफिसचे लोक तुझ्याकडे एक कागद घेऊन येणार आहेत. सूचना देऊनही तू पाणी मारलंस, चूक तुझी, असं त्यात लिहिलंय. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. परवा केली मी ती. म्हणून आज सकाळी मी ठाण्याला कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात आलोय. ड्रम, बादल्या, माझं गप्प बसणं, ती खोटी सही, सगळं लिहून दिलंय. शकूमावशीनेही जबाब दिला. मला इथेच थांबायला सांगितलंय, म्हणून बाकावर बसून हे लिहितोय. माझं काय होईल ते होवो. पट्टीबाहेर राहिलेला तुझा अंगठा त्या कागदावर उठवू नकोस. वहिनी, गुरूला तो उठवू देऊ नका.

'तुझाच' म्हणायचा हक्क मला उरलाय का, ते आता तू ठरव,
प्रफुल्ल