ब्रेमे मास्तरांची सपाट काच

मी, हेन्रिके लोबे, वय सत्तावीस, राहणार येना, मोजमापाची यंत्रं डिझाइन करते. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हातानं लिहितेय, कोणी लिहायला लावलेलं नाही. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. घाबरलेय, पण डोकं ठिकाणावर आहे.

१. घर भाड्याचं आहे. बँकेत असेल ते आईला. सायकल माझा भाऊ योस्टला. आजोबांचा मायक्रोस्कोप त्यानं लहानपणी "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणत हिसकावला होता. राहू दे त्याच्याकडे. पण लेन्स शर्टाच्या बाहीनं पुसायची नाही!

२. माझं मायक्रोमीटर माझ्या टेबलाशी जो कोणी बसेल त्याला.

३. आता खरं ओझं. ओटोकार ब्रेमे मास्तर अडतीस वर्षं हातानं काच घासतायत. त्यांनी घासलेल्या काचेच्या एका तबकडीवरून आमचं अख्खं वर्कशॉप बाकीच्या काचांचा सपाटपणा तपासायचं. फेब्रुवारीत मी ती माझ्या नव्या यंत्राखाली ठेवली. काच सपाट असेल तर त्यात प्रकाशाच्या रेघा सरळ दिसतात, आणि या वाकड्या!

"मास्तर, तुमच्या काचेला बाक आहे."

"रात्रभर टेबलावर ठेवली होतीस? काचेनं तुझ्या हाताची ऊब विसरायला हवी, पोरी."

"ठेवली होती."

"मग बाक तुझ्या यंत्रात शोध."

मी नाही शोधला. रिपोर्ट लिहून दिला. तबकडी कपाटात गेली. मास्तरांनी आमच्याबरोबर जेवणं सोडलं, आणि उद्या ते मुदतीआधीच निवृत्त होतायत.

काल मी ती तबकडी पुन्हा यंत्राखाली लावली आणि बघता बघता चक्कर येऊन पडले. तासभर शेजारच्या खोलीत झोपवलं होतं. परत येऊन डोळा लावला, तर रेघा एकदम सरळ, ताणलेल्या तारांसारख्या! मी श्वास रोखून बघत राहिले. तिसऱ्या मिनिटाला त्या हळूहळू वाकायला लागल्या. यंत्र बनवताना डोळा लावायची जागा मी काचेच्या बरोब्बर वर ठेवली होती ना! माझ्या गालांची ऊब खाली काचेत जात होती आणि काच फुगत होती. केसाच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा तो बाक, आणि तो माझ्या नुसत्या बघण्यानं येत होता.

म्हणून माझा रिपोर्ट खोटा आहे आणि तबकडी सपाट आहे. हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं. मी जगले तरीही.

४. यंत्राचा पहिला नमुना मी घरी बांधला, तो माझा आहे. ~~तो ब्रेमे मास्तरांना द्यावा.~~

(मास्तरांनी हे आत्ता उभ्यानंच वाचलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"चौथं खोड."

"का? राग गेला नाही अजून?"

"ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मला सही करायचीय."

"मग यंत्र कोण दुरुस्त करणार?"

"तू. परत येऊन. तोवर मी कुठे जात नाही."

खोडलं.)

सही: हेन्रिके लोबे

माझ्यासमोर सही केली: ओटोकार ब्रेमे, काच घासणारा
माझ्यासमोर सही केली: डोरिट त्सांडर, मापनखोलीची व्यवस्थापक

येना, मापनखोली, ९ मे २०१९. तापमान वीस अंश. आम्ही तिघं आत असल्यामुळे किंचित जास्त.